बायपास सांगितलाय, आता पुढे काय?

नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला अँजिओग्राफी करून आलेली माणसं एक-दोन दिवसांत आमच्या हिंगोलीतल्या दवाखान्यांत येतात. पिशवीत सीडी असते आणि एका कागदावर हृदयाची छापील आकृती, तिच्यावर पेनाने मारलेल्या तीन-चार फुल्या. "साहेब, तीन नसा ब्लॉक आहेत म्हणे, बायपास सांगितलाय. करावा का?" विचारतो तो मुलगा किंवा जावई, ज्याची छाती आहे तो गप्प बसलेला असतो. घरात तोवर चार सल्ले येऊन गेलेले असतात. कुणी म्हणतं स्टेंटवर भागतं, कुणी म्हणतं छाती उघडली की माणूस कामातून गेला, कुणी नस मोकळी करणारा काढा आणून ठेवलेला असतो. त्या फुल्यांचा अर्थ काय आणि त्यावर निर्णय कसा घ्यायचा, एवढंच आज सांगायचं आहे.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागतं. ते महाधमनीच्या मुळाशी फुटणाऱ्या दोन धमन्यांतून येतं. डावी पुढे दोन फाट्यांत विभागते, म्हणून आपण तीन नसा म्हणतो. डावीकडची पुढच्या अंगाने उतरणारी नस सर्वांत मोलाची, कारण हृदयाच्या मोठ्या भागाचा पुरवठा तिच्यावर असतो. वर्षानुवर्षं या नसांच्या आतल्या अस्तरात चरबी, चुना आणि सुजलेल्या पेशी साठत जातात. साधारण सत्तर टक्क्यांच्या पुढे वाट अरुंद झाली की चढावर, ओझं उचलताना, जेवण करून लगबगीने चालताना छाती भरून येते. दोन फाटे फुटण्याआधीची डावी मूळ नस असेल, तर पन्नास टक्केही गंभीर धरतात. म्हणून "किती टक्के?" एवढाच प्रश्न पुरत नाही. कोणती नस, नेमकी कुठे, इकोमध्ये हृदयाचं पंपिंग किती आणि मधुमेह आहे का, या चार गोष्टी मिळून निर्णय ठरतो.

बायपासमध्ये ब्लॉक काढून टाकत नाहीत. हे मी प्रत्येक कुटुंबाला दोनदा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ज्यांचं शेत आहे त्यांना हे लगेच कळतं: चारी मधेच बुजली आणि उपसणं शक्य नसलं, तर वरच्या अंगाने नवा चर काढून पाणी बुजलेल्या जागेच्या पुढे सोडतात. बुजलेली जागा तिथेच राहते, पीक मात्र वाचतं. सर्जन हेच करतो. छातीच्या आतल्या बाजूला डावीकडे एक धमनी असते, तिचं खालचं टोक सोडवून ते ब्लॉकच्या पुढे जोडतो. बाकीच्या नसांसाठी पायातून लांब शीर काढतात, तिचं एक टोक महाधमनीला आणि दुसरं ब्लॉकच्या पलीकडे शिवतात. पायातली ही शीर काढल्याने पाय निकामी होत नाही, तिचं काम आतल्या खोल शिरा उचलून धरतात. काही दिवस घोट्याला सूज राहते, एवढंच.

या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं, ते डॉ. रेने फावालोरो मुळात खेड्यातले डॉक्टर होते. अर्जेंटिनातल्या हाकिंतो अराऊझ नावाच्या दूरच्या गावात त्यांनी १९५० पासून बारा वर्षं दवाखाना चालवला. तिथे रक्तपेढी नव्हती, म्हणून हाक मारताच येतील अशा गावकऱ्यांचीच रक्तदात्यांची फळी त्यांनी उभी केली. पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडला जाऊन १९६७ मध्ये त्यांनी पायातली शीर वापरून हृदयाला नवी वाट काढून दिली. भारतात पहिली बायपास १९७५ मध्ये चेन्नईतल्या पेरांबूरच्या रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केली. आज ही शस्त्रक्रिया सर्रास होते. फावालोरोंच्या त्या फळीची मला नेहमी आठवण होते, कारण आजही ऑपरेशनच्या आधी दवाखाना रक्त द्यायला नातेवाईक मागतो आणि धडधाकट भाऊबंद भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत राहतात. रक्त दिल्याने अशक्तपणा टिकत नाही. जावं आणि द्यावं.

आता स्टेंट, म्हणजे नस आतून उघडी ठेवणारी जाळी, की बायपास. एक-दोन ठिकाणी छोटे ब्लॉक असतील तर स्टेंट उत्तम. पण मधुमेह आहे आणि तिन्ही नसांत ब्लॉक आहेत, अशा माणसाला बायपासचा फायदा अधिक, हे आता पक्कं झालं आहे. २०१२ मध्ये जाहीर झालेल्या फ्रीडम नावाच्या चाचणीत एक हजार नऊशे मधुमेही रुग्ण होते. पाच वर्षांनंतर स्टेंटच्या गटात शंभरातले साधारण १६ आणि बायपासच्या गटात ११ रुग्ण दगावलेले होते. तिची दुसरी बाजूही सांगायला हवी: मेंदूचा झटका बायपासच्या गटात जास्त दिसला, शंभरात सुमारे पाच, तर स्टेंटच्या गटात दोन-अडीच. डावी मूळ नस बाधित असेल किंवा तिन्ही नसांसोबत पंपिंग कमी झालं असेल, तिथेही तराजू बहुतेक वेळा बायपासकडे झुकतो.

याउलट दुखणं स्थिर आहे, श्रम केले तरच छाती भरते, मूळ नस मोकळी आहे आणि पंपिंग चांगलं आहे, अशा माणसाने घाबरून त्याच रात्री सही करायची गरज नसते. पाच हजारांहून अधिक रुग्णांच्या इस्केमिया चाचणीत अशा स्थिर रुग्णांना नीट औषधांवर ठेवलं, तेव्हा लगेच स्टेंट किंवा बायपास केलेल्यांपेक्षा मृत्यू वाढले नाहीत. छातीचं दुखणं मात्र प्रक्रियेने जास्त कमी झालं. तेव्हा सीडी घेऊन दुसऱ्या हृदयरोगतज्ज्ञाला दाखवा, आठवडा घ्या. सीडी आणि अहवाल हा तुमचा हक्क आहे, मागून घ्या. पण बसल्या जागी दुखतंय, झोपेतून उठवतंय किंवा मूळ नसेत ब्लॉक आहे, तिथे "सोयाबीन काढून घेऊ, हळद शिजवून झाली की जाऊ" हे चालणार नाही. आपल्या जिल्ह्यात तारीख पुढे ढकलण्याचं हे सर्वांत मोठं कारण मी पाहतो. हळदीचा हंगाम मुलगा, शेजारी, सालगडी कुणीही उरकेल.

झटका आला तर मात्र गोष्टच वेगळी. छातीच्या मधोमध दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, वीस मिनिटांत न थांबणारी; मधुमेहींना आणि बायकांना कधी नुसताच दम लागतो, मळमळतं, आणि घरात सोडा-लिंबू चालू होतं. पित्त समजून रात्र काढू नका. महाराष्ट्राने हजारो हृदयं ज्यांच्या हाती विश्वासाने दिली, ते हृदयशल्यविशारद डॉ. नितू मांडके २२ मे २००३ रोजी हृदयविकारानेच गेले, वय पंचावन्न. हा आजार माणूस बघून येत नाही. १०८ ला फोन करा, ईसीजी निघेल अशा जवळच्या रुग्णालयात आधी जा. सेनगावच्या पुढच्या वाडीतून थेट नांदेड गाठू म्हणणं म्हणजे दोन तासांहून अधिक वेळ वाया घालवणं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी मिळालं, तर पुढचा प्रवास सुरक्षित होतो. अशा वेळी सहसा बायपास करत नाहीत, नस उघडतात. बायपासचा विचार नंतर होतो.

पैशाचं बोलू. जमीन गहाण टाकण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं रुग्णालय आहे का ते विचारा. बायपास या योजनेत बसते. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशन कार्ड, आधार आणि अँजिओग्राफीचा अहवाल घेऊन आधी तिथे जा. मंजुरी येईपर्यंत पैसे भरू नका. १५५३८८ या क्रमांकावर जवळच्या रुग्णालयांची माहिती मिळते.

सर्जनला भेटाल तेव्हा एक प्रश्न जरूर विचारा: पुढच्या मुख्य नसेला छातीतली धमनी जोडणार ना? ही धमनी दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जणांत उघडी राहते. पायातल्या शिरांपैकी तोवर जवळजवळ निम्म्या बंद किंवा खराब झालेल्या असतात. डॉ. मनमोहनसिंग यांची पहिली बायपास १९९० मध्ये झाली होती, २००४ मध्ये त्यांना स्टेंट घालावा लागला आणि जानेवारी २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने त्यांची दुसऱ्यांदा बायपास केली. वय होतं शहात्तर. त्यानंतर ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि ब्याण्णव वर्षं जगले. बायपास झालेला माणूस कामातून जातो, असं म्हणणाऱ्यांना हे सांगा. नव्या वाटाही जुन्या होतात, हेही त्यात आलंच.

धोका किती, हे सरळ विचारा. पंपिंग चांगलं असलेल्या आणि ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेत जीव जाण्याचा धोका शंभरात एक-दोन. हृदय कमजोर, मूत्रपिंड खराब, वय जास्त किंवा घाईत करावी लागली तर तो वाढतो. शस्त्रक्रिया तीन ते पाच तास चालते. बाहेर आल्यावर रुग्ण काही तास व्हेंटिलेटरवर असतो: तोंडात नळी, छातीतून दोन नळ्या, हात बांधलेले. भेटायला गेलेल्या मुलाला तिथे रडू कोसळतं. हे सगळं ठरलेलं असतं. शुद्धीवर येऊन नीट श्वास घेऊ लागला की नळी निघते. नंतर हातात तीन गोळ्यांचं श्वासाच्या व्यायामाचं साधन देतात. श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायच्या, तासातासाला. ते कंटाळवाणं आहे, पण त्याने फुप्फुसं फुलतात आणि न्यूमोनिया टळतो. ऑपरेशनची तारीख मिळाल्यापासून तंबाखू बंद, आणि कोणतीही रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नका, कधी थांबवायची ते सर्जन सांगेल.

घरी आल्यावर खरं काम सुरू होतं. छातीचं हाड कापून तारेने बांधलेलं असतं, ते भक्कम जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याची घागर, खताचं पोतं, बैलाचा कासरा यांना हात नाही. फवारणीचा पंप तर अजिबात नाही: सोळा लिटर पाणी, वर पंपाचं वजन, आणि पट्टे नेमके खांद्यावरून छातीवर येतात. दोन महिने मोटारसायकल चालवू नये, मागे बसूही नये. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचं. चालणं मात्र पहिल्या आठवड्यापासून, आधी पाच-दहा मिनिटं अंगणात, दीड महिन्यात अर्ध्या तासापर्यंत. जखमेतून पू, ताप, छातीत हाड कट्कट् वाजल्यासारखं वाटणं, अचानक वाढलेला दम: यातलं काही झालं तर तारखेची वाट बघू नका. आणखी एक, जे विचारायला पुरुष लाजतात: दोन जिने दम न लागता चढता आले की नवरा-बायकोचे संबंध सुरू करायला हरकत नाही, साधारण सहा-आठ आठवड्यांनी. पहिले काही आठवडे झोप न येणं, उगाच रडू येणं, चिडचिड होणं हे खूप जणांना होतं. ते खुळेपण नव्हे, पण महिन्याहून लांबलं तर डॉक्टरांना सांगा.

आता गोळ्या. अ‍ॅस्पिरिन आणि चरबीची गोळी सहसा आयुष्यभर लागते. "कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून गोळी बंद केली" हे वाक्य मला दर महिन्याला ऐकू येतं. ते नॉर्मल आलं आहे ते गोळीमुळे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सत्तरच्या खाली, जमलं तर पंचावन्नच्या खाली ठेवायचं, कारण नव्या वाटाही त्याच चरबीने बुजतात. गोळी महाग पडत असेल तर जनऔषधी केंद्रात बघा, पण बंद करू नका. तंबाखूचं बोलायचं तर चुना लावून मळलेली असो, गुटखा असो की बायकांची मिश्री, सगळ्यात तेच निकोटिन. "मी बिडी ओढत नाही, नुसती चिमूट ठेवतो" ही सबब हृदयाला कळत नाही.

हळदीच्या जिल्ह्यात हळदीविषयी विचारलं जाणारच. भाजीतली, दुधातली हळद खुशाल घ्या. पण हळदीने, लसूण-लिंबाच्या काढ्याने किंवा नस साफ करणाऱ्या सलाइनने ब्लॉक विरघळल्याचा पुरावा नाही. हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत मनाने घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो.

सुटी होताना मिळणाऱ्या कागदात कोणत्या नसेला काय जोडलं ते लिहिलेलं असतं. त्याचे फोटो घरातल्या दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा. पाच-सात वर्षांनी पुन्हा छाती दुखली, तर समोरच्या डॉक्टरला सर्वांत आधी तोच कागद लागतो. आणि सख्ख्या भावंडांची, तिशी ओलांडलेल्या मुलांची साखर, रक्तदाब आणि चरबी याच महिन्यात तपासून घ्या.