नांगर का सरकला?

प्रश्न : आम्ही दोघे नवरा-बायको शिडाच्या बोटीने खांदेरीजवळ थांबलो. ओहोटीला पाणी ४ मीटर होते, २० मीटर दोर सोडला. तरी रात्री नांगर सरकला. असे का?

उत्तर : दोर ओहोटीच्या पाण्यावर मोजलात, म्हणून. आपल्याकडे उधाणाला पाणी ४ मीटरहून जास्त चढते. भरतीच्या खोलीत बोटीच्या नाळेची (पुढच्या टोकाची) उंची मिळवा, म्हणजे साधारण ९ मीटर. त्याच्या पाचपट, ४५ मीटर दोर हवा. दोर आखूड पडला की ओढ वरच्या दिशेने लागते आणि नांगराचा फाळ चिखलातून उपटतो. नांगराला काही मीटर साखळी जोडाच.

शिवाय रात्री जमिनीकडून मतलई वारा सुटतो, बोट नांगराभोवती उलटी फिरते. त्या घेऱ्यात खडक नकोत. उंदेरीच्या बाजूला हे आवर्जून पाहा. नांगर सरकतोय का हे कळायला एकाने खांदेरीच्या दीपगृहावर नजर ठेवावी, दुसऱ्याने झोपावे.