कोरल सोडून फिग्माकडे वळू का?

प्रश्न : मी कोल्हापुरात ग्राफिक डिझाइनची कामं घेतो. कोरलड्रॉवर हात बसलाय. जो तो म्हणतो फिग्मा शीक, एआय शीक. शिकायला बसलो की हातातली कामं तुंबतात. काय करावं?

उत्तर : आधी गिऱ्हाईक कोण ते बघा. लग्नपत्रिका, फ्लेक्स, मिठाईचे बॉक्स हेच काम असेल, तर कोरल सोडायचं काही कारण नाही. अ‍ॅपचे किंवा वेबसाइटचे स्क्रीन करायचे असतील, तर मात्र फिग्मा शिकाच. तिथे एक बटण कंपोनंट म्हणून केलं की मूळ बदलताच सगळ्या स्क्रीनवर बदलतं, आणि डेव्हलपर त्याच फाइलमधून मापं घेतो. वेळ वाचतो तो इथे.

एआयकडून पार्श्वभूमी खुशाल करून घ्या. मराठी मथळा त्याच्यावर सोडू नका. जोडाक्षरं अजूनही पुष्कळदा बिघडतात. आणि सॉफ्टवेअर कुठलंही असो, इंग्रजीच्या सवयीने अक्षरांमधलं अंतर वाढवलंत की देवनागरीची शिरोरेषा तुटते. ओळी फार जवळ आणल्यात, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या वेलांटीला भिडतो. या गोष्टी टूल सांगत नाही. (गिऱ्हाइकालाही दिसत नाही, पण ते जाऊ द्या.) त्या बघायची नजर यावी म्हणून कमल शेडगे यांनी केलेली मराठी नाटकांची शीर्षकं मिळवून नीट न्याहाळा.

राहिला वेळेचा प्रश्न. चालू कामावर नवं टूल शिकूच नका. पैसे हातात आलेलं एखादं जुनं काम घ्या आणि तेच फिग्मात पुन्हा करून बघा.