वाणिज्य पदवीधरांचा पहिला पगार आणि पुढची वाट



पिंगळी परिसरातून परभणीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींची संख्या आता बरीच झाली आहे. त्यांतले पुष्कळजण बी.कॉम. करतात. विज्ञान शाखेचा शिकवणीचा खर्च झेपत नाही आणि कला शाखेला काय करायचे, असा विचार करून ही शाखा घेतली जाते. पदवी हातात पडली की घरात प्रश्न उभा राहतो. वडील विचारतात, "आता पगार किती पडंल?" या प्रश्नाला सरळ उत्तर द्यावे म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत. आम्ही स्वतः कला शाखेचे पदवीधर. हिशेबाचे जे काही ज्ञान आहे ते बँकेत नोकरीला लागल्यावर वरिष्ठांची बोलणी खात मिळवलेले आहे. तेव्हा हा काही पंडिताचा लेख नव्हे, हे आधीच सांगून टाकतो.

हिशेब हा आपला विषय नाही, असा एक समज आपल्या समाजात अजून आहे. वही ही सावकाराची आणि अंगठा आपला, असे पिढ्यान् पिढ्या चालले, त्यामुळे तो समज झाला असावा. परंतु परमपूज्य बाबासाहेबांनी 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी धरली होती. हे कॉलेज म्हणजे 1913 साली निघालेले वाणिज्याचे कॉलेज. तेथील 450 रुपये पगारातून काटकसरीने पैसे मागे टाकून ते 1920 साली अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. 1923 साली त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतरची एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. 1925 ते 1928 या काळात ते मुंबईच्या बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. म्हणजे हिशेबनिसांच्या एका पिढीला बाबासाहेबांनी शिकवलेले आहे! पुढे 1953 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले, तेही याच वाटेवरचे.

आता पगाराकडे वळू. परभणीत कर सल्लागाराच्या किंवा आडत व्यापाऱ्याच्या ऑफिसात नव्या बी.कॉम. मुलाला आमच्या पाहण्यात महिना 7-8 हजारांपासून 10-12 हजारांपर्यंत मिळतात. पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला कारखान्याच्या हिशेब खात्यात यापेक्षा जास्त मिळतात, पण खोलीभाडे आणि मेस वजा जाता घरी पाठवायला फारसे उरत नाही. हे आकडे ऐकून निराश होऊ नये आणि ते लपवूही नयेत. गवंड्याच्या हाताखाली जाणारा मुलगा यापेक्षा जास्त आणतो, असे आईबाप म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. फरक एवढाच की मजुरीचा दर वर्षानुवर्षे जवळपास तिथेच राहतो. हिशेबाचे काम ज्याला खरोखर येते त्याचा दर मात्र चढत जातो.

"खरोखर येते" हे शब्द आम्ही मुद्दाम वापरले आहेत. काउंटरवर येणाऱ्या बी.कॉम.च्या मुलांना आम्ही कधी कधी एक प्रश्न विचारतो. तुम्ही बँकेत 500 रुपये भरले. तुमच्या वहीत बँकेच्या खात्याला ते नावे पडतात आणि पासबुकात तेच जमा दिसतात, असे का? दहातले सात जण गप्प बसतात. उत्तर सोपे आहे. तुमच्या वहीत बँक ही तुमची देणेकरी, कारण तुमचे पैसे तिच्याकडे आहेत, म्हणून तिला नावे. बँकेच्या वहीत तुम्ही तिचे घेणेकरी, म्हणून तुम्हाला जमा. व्यवहार एकच, वह्या दोन आणि बाजू उलट. आम्हालाही नोकरीच्या पहिल्या आठवड्यात हे उमगले नव्हते, आणि एका संध्याकाळी 90 रुपयांचा फरक शोधीत रात्री साडेआठपर्यंत बसावे लागले होते. हे एकदा डोक्यात बसले की बँक जुळवणी पत्रक, ताळेबंद, सगळे त्यातूनच उलगडत जाते. मालकाला पदवीचा कागद नको असतो. 1 जुलै 2017 पासून वस्तू व सेवा कर आला. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला महिन्याच्या 11 तारखेला विक्रीचे आणि 20 तारखेला भरण्याचे विवरणपत्र द्यावे लागते. ते वेळेवर आणि बिनचूक देणारा माणूस त्याला हवा असतो. टॅलीचा वर्ग तीन महिन्यांत होतो. पण टॅली हे यंत्र आहे, नावे-जमा ज्याला कळत नाही त्याची चूक ते फक्त लवकर करून दाखवते.

सरकारी वाट पाहिली तर सातव्या वेतन आयोगाप्रमाणे जिल्हा परिषदेत कनिष्ठ सहायक (लेखा) याचे मूळ वेतन 19,900 पासून, वरिष्ठ सहायक (लेखा) याचे 25,500 पासून आणि कनिष्ठ लेखा अधिकाऱ्याचे 35,400 पासून सुरू होते. कोषागारातील कनिष्ठ लेखापाल 29,200 वर लागतो. लोकसेवा आयोगातून राज्यकर निरीक्षक झालात तर 38,600, आणि महाराष्ट्र वित्त व लेखा सेवेच्या गट अ मध्ये निवड झाली तर 56,100. हे सगळे मूळ वेतन आहे, महागाई भत्ता आणि घरभाडे त्यावर वेगळे. मराठवाड्याचे महालेखाकार कार्यालय नागपूरला आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. तेथील लेखापालाच्या जागा केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या पदवी स्तरावरील परीक्षेतून भरतात.

बँकेचे आम्ही अधिक सांगू शकतो. मार्च 2024 मध्ये झालेल्या बाराव्या द्विपक्षीय करारानुसार लिपिकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 24,050 आणि अधिकाऱ्याचे 48,480 आहे. लिपिकाची वयोमर्यादा 20 ते 28, अनुसूचित जातीला 5 वर्षे सवलत. कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो आणि लिपिकाची परीक्षा आता मराठीतूनही देता येते. आमच्या लहानपणी इकडे बँक म्हटले की हैदराबाद बँक. ती 2017 साली स्टेट बँकेत विलीन झाली. ग्रामीण बँकेचेही 1 मे 2025 रोजी एकत्रीकरण झाले. बँका कमी झाल्या, शाखा एकत्र आल्या, म्हणून जागांसाठी चढाओढ वाढली आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेमार्फत अनुसूचित जातीच्या उमेदवारांना बँक परीक्षांचे विनामूल्य प्रशिक्षण मिळते, त्याच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. आणखी एक जाता जाता. लिपिक झाल्यावर बढती नाकारण्याची खोड आमच्यात फार आहे. बदली नको, घर सुटायला नको. आम्हीही त्यातलेच. नव्या मुलांनी आमचे हे अनुकरण करू नये.

कागदपत्रांचा मुद्दा मात्र पगारापेक्षा मोठा आहे. बौद्धांना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातीच्या सवलती 1990 च्या दुरुस्तीनंतर मिळाल्या. त्याआधी राज्यात मिळणारी सवलत केंद्रात मिळत नव्हती. राष्ट्रीयीकृत बँकेला केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र लागते. आमच्या ओळखीची एक मुलगी लिपिकाची परीक्षा पास झाली आणि कागद तपासणीच्या दिवशी तिच्याकडे राज्याच्या नमुन्यातील प्रमाणपत्र निघाले. तिने आणि तिच्या भावाने तहसीलच्या किती फेऱ्या मारल्या ते आम्ही पाहिले आहे. मुदतीच्या आदल्या दिवशी कागद हाती आला. पदवीच्या पहिल्याच वर्षी दोन्ही नमुन्यांतील प्रमाणपत्रे आणि जात पडताळणी करून ठेवावी.

आता चार्टर्ड अकाउंटंटची वाट. 1949 च्या कायद्याने ही संस्था स्थापन झाली. बी.कॉम.ला 55 टक्के असतील तर फाउंडेशन परीक्षा द्यावी लागत नाही, सरळ इंटरमीजिएटला बसता येते. त्यानंतरची आर्टिकलशिप पूर्वी 3 वर्षांची होती, 2023 च्या नव्या योजनेत ती 2 वर्षांची झाली. पास झालेल्यांना संस्थेच्या भरती मेळाव्यात सरासरी वर्षाला 10 लाखांच्या वर पगार मिळतो. पण परीक्षा अत्यंत अवघड आहे, एका प्रयत्नात होणारे थोडेच. आर्टिकलशिपचे विद्यावेतन तुटपुंजे असते. अडचण इथेच आहे. व्यापाऱ्याच्या मुलाला ती वर्षे परवडतात, शेतमजुराच्या मुलाला नाहीत. आज 8 हजार घ्यायचे की चार-पाच वर्षे थांबायचे, हे एकट्या मुलावर सोडून देणे म्हणजे त्याला 8 हजार घ्यायला लावणे होय. समाजाच्या निधीतून दरवर्षी एका जरी मुलाचे खोलीभाडे निघाले, तरी आम्हाला ते मोठ्या मंडपापेक्षा मोलाचे वाटते. हे मत सर्वांना रुचणार नाही याची कल्पना आहे.

ज्यांना तेवढे थांबता येत नाही त्यांच्यासाठी एक मधली वाट आहे, ती म्हणजे जी.डी.सी. अँड ए. ही राज्याच्या सहकार खात्याची पदविका. नोकरी करीत सहा पेपर मराठीतून देता येतात. पदवी, ही पदविका आणि सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा 3 वर्षांचा अनुभव असला की प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून नामतालिकेत येण्याची पात्रता मिळते. पतसंस्था, सेवा सोसायट्या आपल्या जिल्ह्यात थोड्या नाहीत.

या व्यवसायात एक मोह आहे, तोही सांगितला पाहिजे. दोन वह्या ठेवायला सांगणारा मालक भेटतो, एक खरी आणि एक दाखवायची. मुसावादा वेरमणीचे शील रोज म्हणणाऱ्याने तेथे काय करावे? भगवान बुद्धांनी कोलिय कुळातील दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाचा उपदेश करताना समजीविता सांगितली. तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले ते जसे कळते, तसे गृहस्थाला आपली मिळकत आणि खर्च कळले पाहिजेत. खोट्या वहीत पारडे कळतच नाही. आणि व्यवहाराचे बोलायचे तर धाड पडल्यावर मालक सुटण्याची खटपट करतो आणि वहीवरचे अक्षर मात्र हिशेबनिसाचे निघते.

शेवटी आपल्या संस्थेविषयी. संस्थेची कीर्द आजवर बाहेरच्या माणसाकडून वर्षाअखेरीस एकदम लिहून घेतली जाते, आणि मग मार्चमधल्या पावत्या शोधण्यात एप्रिल जातो. येत्या 1 एप्रिलपासून बी.कॉम.च्या दोन विद्यार्थ्यांनी, त्यांत एक मुलगी असावी, ती रोजच्या रोज लिहावी, असे आम्ही सुचवतो. रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारात तासभर बसू. वही, पावतीपुस्तक आणि पासबुक घेऊन यावे, आधी शिल्लक जुळवू.