घरातली एक खोली भाड्याने देताना

मुलगी लग्न होऊन सासरी जाते, मुलगा नोकरीसाठी परगावी राहतो आणि घरातली एक खोली रिकामी पडते. जवळपास कॉलेज, इस्पितळ किंवा कारखाना असेल तर कुणीतरी विचारतेच, "खोली भाड्याने द्यायची आहे का?" ज्यांना पेन्शन नाही किंवा ज्यांचा खर्च ठेवींच्या व्याजावर चालतो, त्यांच्यासाठी हे महिन्याचे उत्पन्न मोलाचे असते. पण खोली आपल्या राहत्या घरातली आहे. हिशेब चुकला तर पैशाबरोबर घरातली शांतताही जाते. म्हणून होकार देण्यापूर्वी हा पाठ वाचा आणि कागद-पेन घेऊन आपल्या घराचा हिशेब मांडा.

१. आधी पाहा, घर कोणाच्या नावावर आहे?

खोली आपल्या वापरात आहे म्हणजे ती भाड्याने देण्याचा अधिकार आपल्या एकट्याचा आहे, असे नाही. घर पती-पत्नीच्या दोघांच्या नावावर असेल तर दोघांची संमती घ्या. घर अजून दिवंगत वडिलांच्या नावावर असेल आणि वाटणी झालेली नसेल, तर भावा-बहिणींचाही त्यात हिस्सा असू शकतो. त्यांची लेखी संमती घ्या आणि भाडे कोणाच्या खात्यात जमा होणार, घरपट्टी व दुरुस्ती कोण भरणार, हेही त्याच कागदावर लिहून ठेवा. भाड्याच्या चार पैशांवरून भावंडांत तेढ आलेली घरे आपल्याही पाहण्यात असतील.

घरावर कर्ज चालू असेल तर कर्जाच्या करारातील अटी वाचा. भाड्याने देण्यापूर्वी बँकेला कळवण्याची अट त्यात असू शकते. सोसायटीत सदनिका असेल तर सोसायटीला लेखी कळवा. आणि आपण स्वतःच भाड्याच्या घरात राहत असाल, तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवू नका. त्यामुळे आपलेच घर सोडावे लागू शकते.

२. भाडे किती आणि हाती किती?

समजा, एका निवृत्त दांपत्याने खोली महिना ६,००० रुपयांनी दिली. मनात लगेच वर्षाचे ७२,००० रुपये उभे राहतात. प्रत्यक्षात एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत खोली काही दिवस रिकामी राहतेच. म्हणून वर्षात अकराच महिने भाडे मिळेल असे धरा.

वर्षाचे भाडे: ६६,००० रुपये
जादा वीज व पाणी, महिना ५०० प्रमाणे: ५,५०० रुपये
घरपट्टीतील खोलीचा वाटा: १,५०० रुपये
करारनामा व नोंदणी: २,००० रुपये
नळ, पंखा, रंग यांची दुरुस्ती: ३,००० रुपये
एकूण खर्च: १२,००० रुपये
हाती राहणारी रक्कम: ५४,००० रुपये

म्हणजे बारा महिन्यांत विभागले तर महिना ४,५०० रुपये. आता सुरुवातीचा खर्च पाहा. खाट, कपाट, पंखा, नवे कुलूप आणि रंगरंगोटी यांवर २७,००० रुपये लागले, तर पहिल्या सहा महिन्यांची मिळकत तो खर्च भरून काढण्यातच जाईल. म्हणून सुरुवातीला गरजेपुरतेच सामान घ्या.

आपल्या हिशेबातले आकडे वेगळे असतील, पण ओळी याच राहतील. घरपट्टीची चौकशी मात्र आधीच करा. काही महापालिकांत मालक स्वतः राहत असलेल्या जागेला सवलत मिळते आणि भाड्याने दिलेल्या जागेला ती मिळत नाही. शक्य असेल तर खोलीला वेगळा उपमीटर बसवा. विजेवरून होणारे बरेचसे वाद त्याने टळतात.

३. अनामत रक्कम आपली नाही

या पाठातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. भाडेकरू खोलीत येताना जी अनामत, म्हणजे डिपॉझिट, देतो ती आपली कमाई नसून आपल्याकडचे देणे आहे.

वरील दांपत्याने दोन महिन्यांचे भाडे, म्हणजे १२,००० रुपये, अनामत घेतली आणि त्यातून गच्चीची गळती दुरुस्त केली, असे समजा. सात महिन्यांनी भाडेकरूची बदली झाली. त्याने महिनाभर आधी सूचना दिली, पण परत द्यायला पैसे नाहीत. मग भाडेकरू सुचवतो, "मी आणखी दोन महिने राहतो, भाडे अनामतीतून वळते करा." नाइलाजाने होकार द्यावा लागतो. दोन महिन्यांनी तो जातो, तेव्हा विजेचे बिल थकलेले असते, कपाटाचे दार मोडलेले असते आणि कापून घ्यायला हाती एक रुपयाही नसतो. उलट प्रसंगही येतो. आपल्याला खोली हवी असते, पण अनामत परत करता येत नाही म्हणून "खोली सोडा" असे म्हणण्याची सोय राहत नाही.

उपाय सोपा आहे. अनामत ज्या दिवशी मिळेल त्याच दिवशी तिची बँकेत किंवा पोस्टात स्वतंत्र ठेव करा. बँकेत करार जितक्या महिन्यांचा, तितक्याच मुदतीची ठेव करता येते. भाडेकरू लवकर गेला आणि ठेव मुदतीआधी मोडावी लागली, तर थोडे व्याज कमी मिळेल. मुद्दल शाबूत राहील. अनामत किती घ्यावी? केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहण्याच्या जागेसाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे भाडे, अशी मर्यादा सुचवली आहे. हा नमुना कायदा असल्याने ज्या राज्याने तो स्वीकारला तेथेच लागू होतो, पण प्रमाण म्हणून तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

४. ओळखीचा असला तरी करार लेखीच

"गावाकडचाच मुलगा आहे, कागद कशाला?" असे म्हणून तोंडी ठरवू नका. भाडे, अनामत, मुदत, सूचनेचा कालावधी, वीज-पाणी, पाहुणे, स्वयंपाक, गाडी लावण्याची जागा हे सगळे लिहा. खोलीतल्या वस्तूंची यादी आणि मीटरवरचा आकडा करारासोबत जोडा.

करार अकरा महिन्यांचा करण्याची पद्धत देशभर आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी ही पद्धत पडली. परंतु भाड्याचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. तेथील 'लिव्ह अँड लायसन्स' कराराची मुदत संपल्यावरही जागा सोडली नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. नोंदणीचे शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे. आपण अन्य राज्यात राहत असाल तर तेथील नियम दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या.

अनेक शहरांत भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देणे बंधनकारक असते. ओळखपत्राची प्रत घ्या, माहिती भरा आणि पोच जपून ठेवा.

५. भाडे खात्यात घ्या, कराचा हिशेब ठेवा

भाडे रोखीने न घेता बँक खात्यात किंवा यूपीआयने घ्या. दोघांकडेही पुरावा राहतो. भाडेकरू नोकरदार असेल तर घरभाडे भत्त्यावरील करसवलतीसाठी तो पावती मागेल. वर्षाचे भाडे १ लाख रुपयांच्या वर असेल तर आपला पॅनही मागेल. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

भाडे हे आयकरात 'घर मिळकतीचे उत्पन्न' म्हणून धरले जाते. त्यातून आपण भरलेली त्या भागाची घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. वरच्या उदाहरणात ६६,००० मधून १,५०० गेले, राहिले ६४,५००. त्याचे ३० टक्के म्हणजे १९,३५० वजा केले की उत्पन्नात ४५,१५० रुपये मिळवायचे. दुरुस्तीवर खर्च कमी झाला तरी वजावट तेवढीच आणि जास्त झाला तरी तेवढीच. घर दोघांच्या नावे असेल तर हे उत्पन्न हिश्शाप्रमाणे विभागले जाते. जेवणासह खोली दिलीत तर जेवणाचे पैसे मात्र वेगळे दाखवावे लागतात.

६. आलेल्या पैशाचे काय करावे?

भाड्याच्या भरवशावर कर्जाचा नवा हप्ता अंगावर घेऊ नका. भाडेकरू जाऊ शकतो, हप्ता थांबत नाही. सुरुवातीचा खर्च भरून निघाला की मिळकतीचे तीन भाग करा. एक भाग खोली रिकामी राहील त्या दिवसांसाठी व दुरुस्तीसाठी बचत खात्यात ठेवा, दुसरा आवर्ती ठेवीत घाला आणि तिसरा घरखर्चाला वापरा. वरच्या उदाहरणात महिना १,५०० रुपयांची आवर्ती ठेव पाच वर्षे चालवली, तर नुसते मुद्दलच ९०,००० रुपये होते. व्याज त्यावर वेगळे.

स्वतःला विचारा

• घरातल्या सर्वांना, विशेषतः घरात जास्त वेळ असणाऱ्यांना, परका माणूस घरात चालेल का? न्हाणीघर आणि येण्याजाण्याची वाट वेगळी आहे का?
• मालकी हक्क असलेल्या सर्वांची लेखी संमती आहे का?
• दोन महिने खोली रिकामी राहिली तर घरखर्च चालेल का?
• भाडेकरूने आज अनामत मागितली, तर पूर्ण परत करता येईल का?
• मुलगा किंवा मुलगी घरी परत आली, तर खोली किती दिवसांत मोकळी करून घेता येईल?

पाचही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तर खोली जरूर भाड्याने द्या. एखादे उत्तर अडत असेल तर आधी ते सोडवा. खोली महिनाभर रिकामी राहिली तरी चालेल.