जेट विमानाची उडती प्रतिकृती

एखाद्या विमानाची सर्व मापे सारख्या प्रमाणात कमी केली की त्याची हुबेहूब प्रतिकृती तयार होते, असा सर्वसाधारण समज आहे. काचेच्या कपाटात ठेवावयाच्या प्रतिकृतीपुरता तो खरा आहे. रेडिओद्वारे नियंत्रित करून उडवावयाच्या प्रतिकृतीला मात्र तो लागू पडत नाही. कारण विमान लहान करता येते, गुरुत्वाकर्षण लहान करता येत नाही.

उदाहरणादाखल एक दशांश मापाची प्रतिकृती घेऊ. तिच्या पंखांचे क्षेत्रफळ मूळ विमानाच्या एक शतांश आणि घनफळ एक सहस्रांश होते. सारख्याच घनतेच्या हवेत तिने मूळ विमानाप्रमाणे वळावे व सावरावे अशी अपेक्षा असेल, तर तिचे वजनही एक सहस्रांशच असावे लागते. एवढेच नव्हे, तर नाक, मध्यभाग आणि पंखांची टोके यांत ते मूळ विमानातल्याच प्रमाणात विभागलेले असावे लागते. इंजिन, इंधन व उपकरणे यांचे वजन फारसे घटवता येत नसल्यामुळे सांगाडा व कवच अत्यंत हलके करावे लागतात. शिवाय मूळ विमानाला ज्या हेलकाव्यास १० सेकंद लागतात, तो प्रतिकृतीत सुमारे ३ सेकंदांत पुरा होतो. मनुष्याची प्रतिक्रिया मात्र त्या प्रमाणात शीघ्र होत नाही.

बोइंग कंपनी व 'नासा' यांच्या 'एक्स-४८बी' या विमानात या साऱ्या अडचणी एकत्र आल्या होत्या. पंख आणि धड एकजीव असलेल्या, पुच्छहीन प्रवासी किंवा मालवाहू विमानाची ती ८.५ टक्के मापाची प्रतिकृती होती. अशा विमानाचे नाक मंद गतीत फार वर उचलले गेले आणि पंखांवरील हवेचा प्रवाह तुटला, तर ते सावरेल की कोलांट्या घेत कोसळेल, हा कळीचा प्रश्न होता. माणसाला आत बसवून त्याचे उत्तर शोधणे धोक्याचे होते.

ब्रिटनमधील क्रॅनफील्ड एरोस्पेस या संस्थेने अशा दोन प्रतिकृती बांधल्या. एकीची परीक्षा वातविवरात झाली. दुसरीने २० जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स येथे प्रथम उड्डाण केले. पंखांचा विस्तार सुमारे ६.२ मीटर, वजन सुमारे २२५ किलोग्रॅम आणि पाठीवर तीन छोटी टर्बोजेट इंजिने, असे तिचे स्वरूप होते. वैमानिक जमिनीवरील कक्षात बसून नाकातील कॅमेऱ्याच्या चित्रावरून तिचे नियंत्रण करी. क्षणोक्षणीचा तोल विमानातील संगणक सांभाळी.

२०१० पर्यंत तिची ९२ उड्डाणे झाली. पुढे दोन इंजिने बसवून सुधारलेल्या 'एक्स-४८सी' या रूपात एप्रिल २०१३ पर्यंत आणखी ३० उड्डाणे झाली. मंद गतीत पुच्छहीन विमानही नेहमीच्या विमानाइतकेच नियंत्रणात ठेवता येते, असा निष्कर्ष त्यांतून निघाला.

तथापि अतिवेगात हवा जी दाबली जाते, त्याविषयी मंद गतीची ही प्रतिकृती काहीच सांगू शकत नव्हती. प्रतिकृती ज्या प्रश्नासाठी बांधलेली असते, त्याच प्रश्नाचे उत्तर तिच्याकडून विश्वासाने मागता येते.