तान्ह्या बाळाचा ताबा

प्रश्न : आमचा विवाह झालेला नाही. मी पुण्यात राहतो, बाळाची आई नाशिकला. बाळ दीड महिन्याचे आहे. शनिवार-रविवार ते माझ्याकडे राहू शकेल का?

उत्तर : आपली ओढ स्वाभाविक आहे, तथापि आपण उभयता हिंदू असाल तर, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ अन्वये विवाहबाह्य संततीची नैसर्गिक पालक प्रथम माता व तिच्या पश्चात पिता, आणि कलम १३ प्रमाणे बालकाचे हित सर्वोपरी, हे ध्यानी घ्यावे. दर दोन-तीन तासांनी अंगावर पिणाऱ्या, आईच्या लुगड्याच्या दुपट्यातच निवांत होणाऱ्या जिवाला दोन दिवस दोनशे किलोमीटरांवर नेणे मला मुळीच हितावह वाटत नाही. त्यापेक्षा आपणच आठवड्याला नाशिक गाठावे, पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढावी, लंगोट बदलावा, आपला आवाज त्याच्या ओळखीचा होऊ द्यावा. मुक्कामाचा विचार ते वरचे अन्न खाऊ लागल्यावर, म्हणजे सहा महिन्यांनंतर, क्रमाक्रमाने करावा. परस्परसंमतीचा मसुदा लेखी करून कुटुंब न्यायालयाचा रीतसर हुकूम घ्यावा. खर्चाचा वाटा मात्र आजपासूनच उचला. विवाह झालेला नसला, तरी अपत्याच्या पोटगीची कायदेशीर जबाबदारी पित्यावर असतेच.