घरमालकाच्या पत्रास उत्तर

चि. बाळ यास,

तुझे पत्र आणि त्यासोबत धाडलेल्या घरमालकांच्या पत्रांच्या नकला पोहोचल्या. तू आखलेल्या राजापुराकडील घराचे काम पुरे होऊन एक पावसाळा लोटला, त्या पावसाळ्यात घर गळले, आणि तेव्हापासून हे निवृत्त मुख्याध्यापक पत्रामागून पत्र लिहून तुला हैराण करीत आहेत. तरी त्यांची तक्रार कायमची मिटेल असा एखादा खणखणीत मसुदा मी तुला करून द्यावा, अशी तुझी मागणी आहे. मसुदा मी देणार नाही. का देणार नाही हे सांगण्यास थोडा विस्तार करावा लागेल, तो तू स्वस्थपणे वाचावास.

त्यांची सगळी पत्रे मी तारीखवार लावून वाचली. तू ज्यांना किरकिरे म्हणतोस त्या गृहस्थांनी कोणत्या रात्री पाऊस किती वेळ लागून राहिला, वारा कोणत्या दिशेचा होता, ओटीच्या कोणत्या कोपऱ्यात पहिला थेंब पडला, जिन्यावरच्या काचेच्या झरोक्याखाली ठेवलेले घमेले कधी भरले, हे सारे रागाचा एकही शब्द न वापरता नोंदवून ठेवले आहे. माजघराच्या भिंतीवर ओल जिथवर चढली तिथे त्यांनी पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख घातली, आठ दिवसांनी ओल त्या रेघेच्या वर गेली तेव्हा दुसरी रेघ ओढली, आणि दोन रेघांमधले अंतर पट्टीने मोजून तुला कळविले. इमारतीची अशी निरीक्षणे पदरचे पैसे मोजूनही मिळत नाहीत, आणि ती तुला घरबसल्या मिळाली. तुझ्याकडून गेलेली उत्तरे पाहावीत तर ती त्रोटक. त्यांपैकी एकात तू असे लिहिले आहेस की या घराची छायाचित्रे एका प्रतिष्ठित नियतकालिकात येणार आहेत, तेव्हा गुरुजींनी थोडा धीर धरावा. हे वाक्य वाचून मला पॅरिसजवळच्या प्वासीची आठवण झाली आणि मन अस्वस्थ झाले.

प्वासी येथील व्हिला सावॉय तू विद्यार्थिदशेत कितीदा तरी रेखाटली असशील. बारीक खांबांवर उचललेला तो शुभ्र चौकोन, आडव्या खिडक्यांची ती अखंड पट्टी, खालच्या दालनापासून गच्चीपर्यंत संथपणे चढत जाणारा तो उतरता मार्ग, हे सारे तुम्हा मंडळींना पाठ असते. परंतु त्या घरामागे जो पत्रव्यवहार आहे तो शाळेत कोणी वाचून दाखवीत नाही. विमाव्यवसायातले पियेर सावॉय आणि त्यांच्या पत्नी यूजेनी यांनी 1928 मध्ये ल कॉर्बुझिए व त्यांचे चुलतबंधू पियेर जानरे यांच्याकडे हे काम सोपविले. आपल्याला काय हवे हे बाईंनी प्रारंभीच स्वहस्ते लिहून दिले होते. खोल्या कशा असाव्यात, दिव्यांची योजना कशी असावी, पुढेमागे घर वाढवायचे झाले तर ते विद्रूप न होता वाढविता यावे, इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. म्हणजे घराविषयी अनास्था असलेल्या या बाई नव्हेत. घर 1931 मध्ये पुरे झाले, पण पावसाचे रडगाणे त्याआधीच सुरू झाले होते: छतातील झरोक्यावर पाऊस पडू लागला की त्याचा आवाज असह्य होतो, ही तक्रार काम चालू असतानाच आली. 1936 मध्ये बाईंनी कळविले की दालनात पाऊस पडतो, उतरत्या मार्गावर पाऊस पडतो, मोटारखान्याची भिंत पार भिजून गेली आहे, आणि हवा बिघडली की न्हाणीघरात झरोक्यावाटे पाणी भरते. इतके करूनही दाद लागेना, तेव्हा 1937 मध्ये त्यांनी फ्रेंच कायद्याने वास्तुविशारदावर टाकलेल्या दहा वर्षांच्या जबाबदारीची स्पष्ट आठवण दिली, घर तत्काळ राहण्याजोगे करून द्या असे बजावले, आणि न्यायालयाची पायरी चढण्याची वेळ येऊ नये अशी अपेक्षाही नोंदविली.

घर गळण्याची कारणे गूढ नव्हती. सपाट छपराचे पाणी बाहेर न फेकता घराच्या पोटातून नळाने खाली उतरविलेले. त्याच छपरात बागेची गच्ची, झरोके आणि उतरत्या मार्गाची काच, म्हणजे जिथे जिथे दोन वस्तू एकमेकींस भेटतात अशा सांध्यांची रेलचेल. आणि त्या काळी अशा सांध्यांना धरून ठेवील असे भरवशाचे लेपन उपलब्ध नव्हते. मोठाल्या काचांतून उष्णता निघून जाई ती निराळीच. हे दोष समजण्याजोगे आहेत. नवे काही करू पाहणाऱ्याच्या हातून ते घडतात, आणि त्यांबद्दल मी त्या थोर पुरुषास दूषण देणार नाही. माझा आक्षेप आहे तो 1931 च्या उन्हाळ्यात त्यांनी घरमालकिणीस दिलेल्या एका सल्ल्याबद्दल: खालच्या दालनात मेजावर एक सुवर्णग्रंथ ठेवावा, येणाऱ्या पाहुण्यांची नावे व पत्ते त्यात लिहून घ्यावेत, म्हणजे केवढ्या मोठ्या लोकांच्या स्वाक्षऱ्या जमतात हे दिसेल. ज्या दालनात पुढे पावसाच्या धारा लागायच्या होत्या त्याच दालनात ही वही ठेवायची होती. आता तुझे ते छायाचित्रांचे वाक्य या शेजारी ठेवून पाहा.

पुढचा इतिहास तुला ठाऊक आहे. 1940 मध्ये युद्धामुळे सावॉय कुटुंब घर सोडून गेले; तिथे आधी जर्मन, मग अमेरिकन सैनिक राहिले; युद्धानंतर नगरपालिकेने शाळेसाठी ती जागा घेतली व घर पाडण्याचा घाट घातला, तेव्हा देशोदेशीच्या वास्तुविशारदांनी हाकाटी केली, सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनी लक्ष घातले, आणि 1965 मध्ये ती वास्तू राष्ट्रीय स्मारक ठरली. त्याच वर्षी ल कॉर्बुझिए निवर्तले. 2016 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत त्यांच्या ज्या कृती गेल्या त्यांत आपल्या चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर ही व्हिलाही आहे. हा सन्मान सर्वस्वी योग्य आहे असे मी मानतो. तथापि त्याने बाईंच्या पत्रांचे उत्तर दिले गेले असे होत नाही. कीर्ती हे ओलीवरचे उत्तर नव्हे, हे तू आजच, कीर्ती फारशी नसताना, मनात पक्के करून घ्यावेस. याच पुरुषाने पुढे 1950 नंतर अहमदाबादेत साराभाईंच्या घरासाठी विटांच्या ठेंगण्या कमानी घातल्या, त्यांवर माती पसरून हिरवळ रुजविली, आणि सारे घर वाऱ्याच्या वाटेकडे तोंड करून मांडले, हे पाहिले म्हणजे हवापाण्याची दखल घेण्याचे सामर्थ्य त्यांच्या ठायी नव्हते असे कोण म्हणेल?

तुझ्या पत्रात आणखी एक मजकूर आहे, की बांधकामाचा खर्च अंदाजपत्रकाच्या बराच पुढे गेला, वाढीव कामे गुरुजींच्या तोंडी संमतीनेच झाली, आणि आता ते ती संमती नाकारीत नसले तरी रकमेबद्दल कां कूं करतात. यावर मी फार लिहीत नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात फॉक्स नदीच्या काठी मीस व्हॅन डर रो यांनी डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांच्यासाठी बांधलेल्या काचेच्या घराची हकीकत तेवढी ध्यानात ठेव. दोघांची मैत्री होती, एकमेकांच्या बुद्धीविषयी आदर होता, आणि म्हणूनच मानधनाचा लेखी करार करावा असे कोणासही वाटले नाही. खर्च वाढत गेला, मने फाटली, 1951 मध्ये मीस यांनी येणे रकमेसाठी फिर्याद लावली, डॉक्टरीणबाईंनी उलट दावा दाखल केला, आणि तडजोड होईपर्यंत दोघांची काही वर्षे वकिलांच्या कचेऱ्यांत गेली. तेव्हा जागेवर घरमालकाने एखादी खिडकी वाढवायला सांगितली तर त्याच संध्याकाळी चार ओळींचे पत्र लिहावे: आज अमुक बदल ठरला, त्याने खर्च इतका वाढेल, काम इतके दिवस लांबेल, मान्य असल्यास सही करून नकल परत पाठवावी. यात अविश्वास नाही. उलट स्नेह टिकावा अशी इच्छा असेल तर हिशेब स्नेहाच्या भरवशावर सोडू नये.

गुरुजींनी गावच्या एका अभियंत्यास बोलावून गच्ची दाखविली, याचा तुला राग आला आहे. फ्रँक लॉइड राइट यांनाही आला होता. पेन्सिल्व्हेनियात धबधब्यावर झुकलेल्या फॉलिंगवॉटर या घराचे काम 1936 मध्ये चालू असताना मालक काउफमान यांनी नकाशे दुसऱ्या अभियंत्यांना दाखविले. त्या अभियंत्यांनी झुकत्या सज्ज्यांच्या बळकटीविषयी शंका घेतली आणि राइट यांना न विचारता जादा लोखंड घातले गेले. राइट यांनी संतापाची पत्रे लिहिली, आणि अभियंत्यांचा तो अहवाल म्हणे घराच्याच दगडी भिंतीत चिणून टाकला गेला. सेंटरिंग काढताच सज्जे खाली झुकले व कठड्यांना चिरा गेल्या. पुढे मालकांनी तो झुकाव वर्षानुवर्षे मोजवून घेतला, आणि सज्जे हळूहळू उतरतच राहिल्याने अखेर 2002 मध्ये ताणलेल्या पोलादी तारा घालून त्यांना आधार द्यावा लागला. राइट यांच्या प्रतिभेपुढे मी नतमस्तक आहे. पण भिंतीत अहवाल चिणल्याने सज्ज्याचा भार हलका होत नाही. शंका घेणाऱ्याचा अधिकार काय हे पाहण्याआधी शंका खरी की खोटी हे पाहावे, आणि ती खोटी निघाली तरी आकडेमोडीसह उत्तर लिहावे.

आता तुझ्या प्रकरणाविषयी. कोकणात वर्षास 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तो सरळ न पडता नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर भिंतीवर आदळतो, हे तुला निराळे सांगायला नको. जुन्या माणसांनी तिथे उतरती कौले घातली, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील एवढे वासे बाहेर काढले, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी पडवीला झापे बांधली, ती काही हौसेखातर नव्हे. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. तू पश्चिमेची भिंत गिलाव्याविना उघडी ठेवलीस, ती दिसते देखणी, परंतु वर सज्जा नसल्याने ती पाणी पीत राहणार. माजघरातली ओल वरून उतरते की या भिंतीतून आत येते, हे अगोदर ठरव. गुरुजींच्या पेन्सिलीच्या रेघा इथे उपयोगी पडतील: ओल खालून वर चढते आहे आणि ज्या आठवड्यात पश्चिमेचा वारा आहे त्याच आठवड्यात वाढते आहे, असे त्यांच्याच नोंदींवरून मला दिसते. पावसाळा सरल्यानंतरही ती वाळलेली नसेल तर भिंतीत गाडलेला नळ झिरपतो आहे काय, तेही तपासले पाहिजे.

गच्चीची परीक्षा आता कोरड्या दिवसांत कर. पावसाळी पाइपांची तोंडे बुजवून गच्चीवर पाणी साठव, दोन-तीन दिवस तसेच राहू दे, आणि खाली स्वतः थांबून छताकडे पाहा. ठेकेदाराच्या माणसास बसवून निघून येऊ नकोस. बहुतेक वेळा कोबा मधोमध शाबूत असतो आणि पाणी कडेने शिरते: कठड्याच्या बुडाशी कोपरा गोलावणारा वाटा नीट मारलेला नसतो, पाइपाच्या तोंडाभोवती सिमेंट आकसून फट पडलेली असते, किंवा झरोक्याभोवतीची कड इतकी ठेंगणी ठेवलेली असते की जोराच्या सरीत साचलेले पाणी सरळ तीवरून आत येते. तुझ्या नकाशात ती कड मी पाहिली. ती फारच ठेंगणी आहे, आणि आकृतीची रेषा सलग दिसावी म्हणून तू ती तशी ठेवलीस हे मी ओळखतो.

राहिला पत्र्याचा प्रश्न. गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर पत्रा घालण्याची परवानगी गुरुजी मागतात आणि आपल्या रचनेचा सत्यानाश होईल म्हणून तू ती देत नाहीस. बाळ, घर त्यांचे आहे; परवानगी मागतात हा त्यांचा सुसंस्कृतपणा आहे, तिची त्यांना गरज नाही. तू नकार दिलास तर गावचा लोहार येईल आणि वाटेल तसा सांगाडा ठोकून जाईल. त्यापेक्षा तूच त्यांना कौलारू छपराचा आराखडा करून दे, त्याची पागोळी पश्चिमेच्या भिंतीबाहेर भरपूर काढ, म्हणजे भिंत आणि गच्ची दोन्ही एकदमच कोरड्या होतील आणि वर वाळवणाला सावलीची जागा मिळेल. तुझी मूळची सपाट रेषा जाईल, जाऊ दे. त्या छपरातून निराळी, आणि माझ्या मते त्या टेकडीस अधिक शोभणारी आकृती निर्माण करण्याचे कौशल्य तुझ्यात आहे, यात मला तिळमात्र शंका नाही.

मग पत्र लिही. त्यात प्रथम गुरुजींच्या प्रत्येक पत्राची तारीखवार पोच दे, कारण इतके दिवस आपले लेखन कोणी वाचत तरी आहे की नाही या संभ्रमात तो वृद्ध मनुष्य आहे. त्यानंतर तुला जागेवर काय आढळले ते सांग. झरोक्याची कड आणि उघडी भिंत या तुझ्या योजनेतल्या उणिवा आहेत हे निःसंदिग्ध शब्दांत लिही, आणि वाटा न मारणे ही ठेकेदाराची कसूर निघाली तर तीही तितक्याच स्पष्टपणे, त्याला नकल पाठवून लिही. कोणते काम कोणाच्या खर्चाने होईल, कधी सुरू होईल, कधी संपेल, याच्या तारखा घाल, आणि त्या वैशाखापलीकडे नेऊ नकोस. छपराच्या आराखड्याचे मानधन मागू नकोस. जुन्या कामाचे उरलेले मानधन तुझे आहे, ते तुला मिळालेच पाहिजे. पण त्याचा उल्लेख या पत्रात नको, एक पावसाळा घर कोरडे राहिल्यानंतरच्या पत्रात कर.

पत्र रवाना करण्यापूर्वी मला दाखवू नकोस. गुरुजींना पोहोचले की नकल धाड, आणि सोबत झरोक्याच्या नव्या कडेचा व छपराचा छेद पाठव. तो मी बारकाईने पाहीन.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा,
काका